बाटलीतला हरितगृह परिणाम

महोदय,
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जळगाव-धुळ्याच्या शाळांत दोन बाटल्यांचा प्रयोग हमखास मांडला जातो: एकीत हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड; दोन्ही उन्हात ठेवून दुसरी जास्त तापते, हे दाखवायचे. बहुतेक ठिकाणी सोडा आणि व्हिनेगर थेट दुसऱ्या बाटलीतच ओततात. ही अभिक्रिया उष्णता शोषते, तळाशी ओला द्रवही राहतो. मग तीच बाटली थंड दिसते आणि मुले गोंधळतात. दोन लिटरच्या बाटलीसाठी १० ग्रॅम खाण्याचा सोडा व १५० मिली व्हिनेगर वेगळ्या बाटलीत घ्यावे आणि वायू सलाइनच्या नळीने तळापर्यंत सोडावा. तोंडाशी धरलेली पेटती काडी विझली, की बाटली भरली. दोन्हींत सारखाच काळा कागद आणि प्रयोगशाळेतला तापमापक हवा. (ताप मोजायचा चालत नाही, तो ४२ अंशांवर संपतो.) तापमापकाच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नये; नाहीतर तो हवेचे नव्हे, उन्हाचेच मोजमाप देतो. उन्हाऐवजी एलईडी दिवा तर निरुपयोगीच; त्यातून फारशी उष्णता मिळत नाही.

फरक दिसला, तरी तो सगळा हरितगृह परिणाम म्हणून सांगू नये. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बाहेरच्या हवेत कमी मिसळतो, म्हणूनही उष्णता टिकते. केळीच्या रोपांच्या पॉलिहाऊसचेही तसेच: बाजूचा पडदा वर केला, की गरम हवा निघून जाते. वातावरणात मात्र हा वायू जमिनीतून निघणारी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारी, उष्णतेची) किरणे शोषतो; हाच हरितगृह परिणाम. १८५६ मध्ये अमेरिकन संशोधक युनिस फूट यांनी नळकांड्यांत वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे जास्त तापले. पण त्यातही थेट सूर्यकिरणांचा आणि अवरक्त किरणांचा परिणाम वेगळा झाला नव्हता.

– एक विज्ञान शिक्षक, अमळनेर