तुझ्या डेमोबद्दल

इंदिरानगर, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

जाहिरातींना आवाज देण्याचं काम मिळावं म्हणून तू केलेला नमुन्याच्या तुकड्यांचा डेमो नीट ऐकला. आधी हेडफोन लावून, मग फोनच्या स्पीकरवर, मग स्वयंपाकघरात कुकर चालू असताना. लोक जाहिरात अशीच ऐकतात, हातात दुसरं काही काम असताना. परवा फोनवर तू घाईत होतीस, आणि या गोष्टी फोनवर अर्ध्याच राहतात, म्हणून लिहून पाठवतेय.

मुद्द्याचं आधी सांगते. पहिला तुकडा काढून टाक. सोन्याच्या दुकानाच्या त्या जाहिरातीत तुझा आवाज सुरेख लागलाय, पण तू कुणाशी बोलत नाहीयेस. शब्दाशब्दावर वजन देतेस, वाक्य संपलं की सूर खाली आणून थांबतेस. ऐकणारा ‘छान आवाज’ म्हणेल, पण दागिना कसला होता ते त्याच्या लक्षात राहणार नाही. काम देणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर चांगलेच आवाज पडत असतात. ही मुलगी माझी ओळ माझ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवेल का, एवढंच तो बघतो, आणि ते त्याला पहिल्या पाच-सात सेकंदांत कळतं. पुढचं तो ऐकेलच असं नाही.

ही सवय कुठून आली तेही मला माहीत आहे. शाळेपासून तू वक्तृत्व स्पर्धा गाजवल्यास. कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलीस, आणि तिथे ते बरोबरच होतं. माइकपाशी मात्र ऐकणाऱ्याचा कान वीतभर अंतरावर असतो. तिथे आवाज फेकला की माणूस मागे सरकतो.

तिसरा तुकडा अस्सल आहे, तो द्राक्षाच्या औषधाचा. ‘छाटणी उरकली ना दादा? मग आता डोळे फुटेपर्यंत बागेत रोज एक चक्कर.’ इथे तू वाचत नाहीयेस, बोलतेयस. ‘उरकली ना’ म्हणताना सूर जरासा वर गेला आणि तू थांबलीस, समोरचा ‘हो’ म्हणेल एवढीच जागा सोडलीस. ती जागा मला फार आवडली. पिंपळगावला मामाच्या ओट्यावर लहानपणापासून ऑक्टोबर छाटणीच्या गप्पा ऐकल्यास, भुरी-डाऊनी रोगांच्या काळज्या ऐकल्यास, ते सगळं त्या एका ओळीत उतरलंय. हाच तुकडा पहिला ठेव. मुंबईत तो गावाकडचा वाटेल या भीतीने तू मागे ढकललास ना? मराठीत बियाणं, खतं, औषधं, ठिबक, ट्रॅक्टर यांच्या जाहिरातींचं काम कमी नाही, आणि निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याशी घरच्यासारखं बोलणारी मुलगी त्यांना हवीच असते.

बाकीचे तुकडे बँकेचे, शाळेचे, मॉलचे, माहितीपटाचे. विषय चार, पण बोलणारी एकच, त्याच वेगात, त्याच हसऱ्या सुरात. आवाज जाड-बारीक केल्याने वैविध्य येत नाही गं. कोण कुणाशी बोलतंय हे बदललं की सूर आपोआप बदलतो. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करताना मी हे रोज अनुभवते. इतिहासाचं प्रकरण वाचताना ब्रेलमध्ये टिपणं काढत बसलेली एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवते, म्हणून सन आला की थांबते, तिला लिहून घेऊ देते. गोष्टीचं पुस्तक असलं की तीच मुलगी रात्री पांघरूण घेऊन ऐकत असते, तिथे थांबायचं कारणच नाही. आवाज माझा एकच, पण मुलांना दोन्हीतला फरक कळतो.

तू स्क्रिप्टच्या वर पेन्सिलने लिहीत जा: बोलणारी कोण, कुणाला सांगतेय, आत्ताच का सांगतेय. बँकेची जाहिरात म्हणजे मोठी बहीण, कर्जाच्या नावाने बिचकणाऱ्या धाकट्या भावाला समजावतेय, असं धरून बघ. आणि पहिल्या ओळीच्या आधी स्वतःचं एखादं वाक्य जोड, ‘अरे ऐक ना’ असं काहीतरी. रेकॉर्ड करताना ते मोठ्याने म्हण आणि एडिटमध्ये कापून टाक. मूळ ओळ बोलण्याच्या ओघातच सुरू होते, ‘आता मी सुरू करतेय’ असा सूर राहत नाही.

उच्चारांत एकच खटकलं. शाळेच्या तुकड्यातल्या ‘माझा’मधला झ हिंदी वळणाचा झालाय. ‘माझी’त तो तसा चालतो, ‘माझा’त नाही. अंधेरीत दिवसभर हिंदी कानावर पडतं, त्याचा परिणाम असेल. मराठी डबिंगला जाशील तेव्हा ऐकणाऱ्याला हे पहिलं टोचेल.

आता खोलीचं. दिवाळीत इथल्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलेले दोन तुकडे लगेच ओळखू येतात, कारण मागे हायवे आहे आणि भिंती उघड्या आहेत. तो आवाज घालवायला तू नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज पुसणारी सोय, इतकं लावलंयस की बँकेच्या तुकड्यात तू पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतेस. आवाज माइकमध्ये शिरायच्या आधी अडवावा लागतो. तुझ्या खोलीत कपड्यांचं कपाट आहे, त्याचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बस, पाठीमागे आजीच्या गोधड्या टांग. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन दुसऱ्या खोलीत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नकोस, त्यांनी फारसं काही अडत नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेव. मराठीत भ, फ, ख यांची हवा जोरात बाहेर पडते, ‘भरघोस फळ’ म्हटलंस की तुझ्या माइकवर धप्प आवाज येतो. माइकसमोर पॉप फिल्टरची जाळी असली तरी माइक बाजूला हवाच. ऑडॅसिटी फुकट आहे आणि तुझ्या कामाला पुरेसं आहे, नव्या सॉफ्टवेअरवर आत्ता पैसे घालू नकोस.

संगीत निम्मं कर. मॉलच्या तुकड्यात ढोल तुझ्यावर चढलाय. सुरुवातीला नाव, शिक्षण, पत्ता सांगण्यात जे सेकंद जातात तेही काढ, नाव फाइलला दे. जाहिरातीचा डेमो साठ ते नव्वद सेकंदांत संपव. टीव्हीवर गाजलेली जाहिरात घेऊ नकोस, ऐकणारा लगेच मूळ आवाजाशी तुलना करतो.

माहितीपटाचा तुकडा यातून बाहेर काढ, त्याचा वेगळा डेमो कर. ऑडिओबुकचाही वेगळाच लागेल, कारण तिथे तू किती वेळ टिकतेस हे बघतात. दोन-तीन मिनिटांचा सलग उतारा घे, निवेदन आणि निदान दोन पात्रांचा संवाद असलेला. 2017 साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठीत हे काम उभं राहिलंय, आणि मला मनापासून वाटतं की तुझा खरा पिंड तोच आहे. एसीएक्सने, म्हणजे ऑडिबलच्या ऑडिओबुक तयार करण्याच्या मंचाने, ऑडिओबुकसाठी मापं घालून दिली आहेत: सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर उणे 3 च्या वर नाही, आणि गप्प असताना खोलीचा आवाज उणे 60 च्या खाली. मराठीत कुणी मागो न मागो, तू घरचं रेकॉर्डिंग या मापांतच बसव.

कुणीतरी वर्कशॉपबरोबर डेमो करून द्यायला मोठी रक्कम मागतंय म्हणालीस. आत्ता देऊ नकोस. भारी स्टुडिओत, समोर शिकवणारा बसलेला असताना दहा टेकमधून निवडलेली ओळ डेमोत गेली, तर काम देणारा तशीच ओळ दुसऱ्या दिवशी मागेल आणि तू एकटी असशील. जे स्वतःच्या बळावर रोज करता येतं तेच डेमोत असू दे. वर्षभराने तू भक्कम झालीस की तेव्हा चांगल्या स्टुडिओत कर, पैशांचं मी बघते.

आवाजाची कामं मिळवून देणाऱ्या ओळखीच्या को-ऑर्डिनेटरना जुना डेमो पाठवला नसशील तर पाठवू नकोस, थोडं थांब. आधी द्राक्षाचा आणि बँकेचा, हे दोनच तुकडे नव्याने रेकॉर्ड कर. संगीत न घालता, काहीही साफ न करता, तसेच्या तसे मला पाठव. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून वेव्ह फाइल टाक, व्हॉइस मेसेज नको, त्यात बारकावे दबतात. पुढच्या आठवड्यात दुपारी मी मोकळी आहे, ऐकून त्याच दिवशी कळवते.

तुझी,
आई