लवाद टीएमसी मोजतो, नदीला रोजचे पाणी लागते

महोदय,

कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा विषय निघाला की सांगलीत चर्चा महापुराभोवतीच फिरते. त्यात गैर काही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले होते आणि तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पण पूर आठ-पंधरा दिवसांचा. बाकीचे साडेअकरा महिने धरणांच्या कारभाराने कृष्णेचे काय होते, हे ना इथे कोणी विचारते ना सीमेपलीकडे.

कृष्णेचे पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. कोयनेचे 67.5 टीएमसी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला परवानगी मिळाली. ते कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जाते, कृष्णेत परत येत नाही. या वाटणीत नदीचा स्वतःचा हिस्सा नव्हता. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने किमान प्रवाहासाठी 16 टीएमसी वेगळे काढले, त्यात महाराष्ट्राकडचे 3. हा निवाडा राजपत्रात आलेला नाही, तरी उद्या तो लागू झाला असे धरून हिशेब करू. 3 टीएमसी डिसेंबर ते मे या 182 दिवसांत सारखे सोडले तर सुमारे 190 क्युसेक (सेकंदाला घनफूट) प्रवाह मिळतो. कोयना धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाचे एक युनिट 1050 क्युसेक सोडते, म्हणजे तेच पाणी 33 दिवसांत संपते. वर्षअखेरच्या तक्त्यात दोन्ही बाबतींत 3 टीएमसीच दिसतील. माशाला मात्र उरलेले 149 दिवस काढायचे असतात.

उन्हाळ्यात विसर्ग सिंचनाच्या मागणीवर चालतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप सुरू असले की पाणी सुटते, मागणी थांबली की विसर्गही थांबतो. मग बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेल्या प्रत्येक बंधाऱ्यामागे पाणी नुसते उभे राहते. सांगलीत त्यात सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याची भर पडते. शेवाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू रात्रभर प्राणवायू खातात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात ते म्हणूनच. सिंचनाचे पुढचे आवर्तन सुटले की हे कुजके पाणी लोंढ्याने खालच्या डोहात ढकलले जाते आणि मासे मरतात तिथे. एका गाळ्यातले सगळे बरगे एकाच दिवशी उपसले तरी हेच घडते, वर तळाचा काळा गाळही सोबत जातो.

आमच्याकडे मळी दोन प्रकारची. साखर कारखान्याची मळी नदीत आली की निदान बातमी होते. नदीकाठची मळीची, म्हणजे गाळाची, जमीन पूर ओसरताना खचते, त्याची नोंद पंचनाम्यापलीकडे जात नाही. काठाची माती पुरात पाणी पिऊन फुगलेली असते. नदी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार जातो, आतल्या पाण्याचा दाब मात्र तसाच राहतो. काठाला समांतर भेगा पडतात आणि दोन-चार दिवसांत उसासकट तुकडा खाली येतो. वाळूउपशाने काठाचा पाया पोखरला आहे, हे खरेच. म्हणून तर विसर्ग एका झटक्यात बंद करणे जास्त महागात पडते. गाळ धरणात अडकत असल्याने गेलेली मळी पुन्हा पूर्वीसारखी भरतही नाही.

चढणीच्या माशांचेही तसेच. मृगाच्या पहिल्या गढूळ पाण्याला मासे अंडी घालायला वर चढतात. धरणे पहिले पाणी साठवून घेतात आणि खाली बरगे काढायला उशीर झाला तर चढणीची वाटच बंद. मग डोहांत चिलापीच (तिलापिया हा बाहेरून आलेला मासा) माजते.

पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने 2020 मध्ये सांगलीच्या पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचे म्हटले. ते मान्य करा किंवा करू नका, पण पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे अभियंते अलमट्टीच्या पातळीबद्दल एकमेकांशी बोलतात, तसे उन्हाळ्यातही बोलायला हवेत. कर्नाटक उन्हाळ्यात कोयना-वारणेचे पाणी मागते, तेव्हा अटी घालण्याची संधी असतेच. किती टीएमसी एवढेच न ठरवता ते किती दिवसांत आणि रोज किती क्युसेक, हेही ठरवावे. आयर्विन पूल आणि सीमेजवळचा राजापूर बंधारा या दोन ठिकाणचा रोजचा किमान प्रवाह करारात लिहून घ्यावा आणि प्रत्यक्ष आकडा रोज जाहीर करावा. वीजगृहाचे युनिट बंद ठेवायचे झाले तर विमोचकातून (धरणातून पाणी सोडायच्या दारातून) थोडा प्रवाह चालू ठेवावा. पूर उतरताना दरवाजे टप्प्याटप्प्याने, दोन टप्प्यांत काही तासांचे अंतर ठेवून बंद करावेत. अर्थात धरणात जागा शिल्लक असेल तेव्हाच हे जमेल. बरगे मात्र 7 जूनच्या आत निघालेच पाहिजेत. त्यासाठी कोणत्याही लवादाची परवानगी लागत नाही.

– एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, सांगली