एक भांडं, पण एकदम नव्हे

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस म्हणून जास्त बोलले नाही. तुझ्या त्या लो-कंट्री बॉइलमध्ये कोळंबीचं रबर झालं, बटाटे मात्र आत कच्चेच. अगं, सगळं एकाच भांड्यात शिजवायचं, याचा अर्थ सगळं एकदम टाकायचं असा नाही!

मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत सव्हानाला तुझ्याकडे होते तेव्हा तुझ्या शेजारीणबाईंनी अंगणात केलं होतं ना, ते मी शेवटपर्यंत उभी राहून बघितलं. त्या म्हणाल्या होत्या, याचं मूळ नाव फ्रॉगमोर स्ट्यू. तासा-सव्वातासावरच्या सेंट हेलेना बेटावरच्या फ्रॉगमोर वस्तीवरून पडलेलं. त्यात बेडूक नाही आणि स्ट्यू म्हणावं तर रस्साही नाही. पाणी चक्क ओतून देतात. मला तेव्हा जिवावर आलं होतं, आठवतंय? आपल्याकडे त्या पाण्याचं सार झालं असतं. नंतर चमचाभर चाखलं तेव्हा कळलं, ते पाणी प्यायचं नाहीच. समुद्रासारखं खारट.

तर चौघांसाठी पाच लिटर पाणी घे. तुझं ते छोटं पातेलं नको. थंड कोळंबी पडली की थोड्या पाण्याची उकळीच मोडते. बर्फातली असेल तर आधी पूर्ण सुटू दे. मीठ आणि ओल्ड बे मसाला पहिल्यापासून, म्हणजे बटाट्याच्या आतपर्यंत मुरतो. (त्यात सेलरीचं बी असतं. मला तरी वास ओव्याच्या जवळचा वाटला. तिरफळं घालू का विचारत होतीस. घाल चारपाच, शेजारीणबाईंना सांगू नकोस.)

आधी लहान लाल बटाटे, पाऊण किलो. पंधरा मिनिटांनी सुरी टोचून बघ, जरा अडली पाहिजे. मग मक्याच्या कणसांचे तुकडे आणि सॉसेज, सहा-सात मिनिटं. कुर्ल्या मिळाल्या तर त्यांना दहाएक मिनिटं हवीत, त्या मक्याच्या थोड्या आधी. किलोभर कोळंबी सगळ्यात शेवटी, कवचासकट. पाठीवर कात्रीने चीर देऊन काळा दोरा तेवढा काढ, कवच राहू दे, मांस मऊ राहतं.

आता भांड्यापासून हलायचं नाही. राखाडी अंग गुलाबी होतं आणि कोळंबी चंद्रकोरीसारखी वाकते, तीच वेळ. बांगडीसारखी गोल मिटली की गेली. जेमतेम तीन मिनिटांचा खेळ. आणि गॅस बंद केला म्हणून शिजणं थांबत नाही. मी नंतर तुझ्या ओट्यावर केलं तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉलवर भांडं दाखवत बसले, कोळंबी गरम पाण्यातच राहिली, आणि जावईबापू बिचारे निमूट चावत होते. ताबडतोब चाळणीत ओत.

मग टेबलावर कागद अंथरून सगळा ढीग ओतायचा, लिंबू, लोणी, नि हाताने खायचं. ताटं नाहीत, भांडी घासणं नाही. ही पद्धत मला मनापासून आवडली.

डोक्यासकट कोळंबी मिळाली तर डोकी कच्चीच काढून फ्रीजरमध्ये टाक. भांड्यातलं पाणी तू खुशाल ओत, पण डोकी टाकलीस तर बघ. मी आले की त्यांचं सार करू.

तुझी
आई