कापलेले गवत गटारात नको, हिरवळीवरच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की हिरवळ भराभर वाढते आणि मशीन जवळपास दर आठवड्याला फिरवावे लागते. कापून झालेल्या गवताचे पुढे काय करायचे, हे मात्र कुणी ठरवलेले नसते. मग ते पावसाळी गटाराच्या जाळीकडे लोटले जाते, रस्त्याकडेला ढीग होऊन सडते, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेले कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत पडते. या गवतातला मोठा भाग हिरवळीबाहेर काढायची मुळात गरजच नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

ताज्या गवताच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात ३ ते ४ टक्के नत्र आणि त्यासोबत स्फुरद व पालाशही असते. कापलेले गवत जागेवरच राहू दिले, तर हिरवळीची वर्षभराची नत्राची गरज साधारण एक चतुर्थांश भागते. ते गोळा करून फेकायचे आणि नंतर खताची गोणी आणून तेच नत्र पुन्हा टाकायचे, हा उलटा कारभार आहे.

अट एकच, तुकडे लहान हवेत. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हिरवळ ५ सेंटिमीटर ठेवायची असेल, तर ती साडेसात सेंटिमीटर झाली की मशीन फिरवावे. अडीच सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे उभ्या गवतातून खाली मातीवर घसरतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. दव सुकल्यावरच कापावे, मशीनचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने गवत कापले जात नाही, फाटते. दोन दिवसांत शेंडे पांढुरके पडलेले दिसले, तर धार गेली असे खुशाल समजावे. कापल्यावर कुठे गठ्ठे राहिले तर त्याच दिवशी दंताळ्याने पसरावेत, नाहीतर खालचे गवत उजेडाविना पिवळे पडते.

‘असे केले तर मुळाशी चिवट तपकिरी थर साचतो’, ही भीती नेहमी ऐकू येते. तो थर मुख्यतः गवताची आडवी पसरणारी खोडे आणि मुळे यांचा असतो. त्यांत लिग्निन (वनस्पतीला ताठपणा देणारा चिवट घटक) जास्त असल्याने ती सावकाश कुजतात. कोवळी पाती लवकर कुजतात, त्यांचा यात फारसा हात नसतो. खताचा अतिरेक आणि दाबली गेलेली माती ही कारणे आधी तपासावीत.

गवत उचलावेच लागते असे प्रसंगही असतात: सुटीत फार वाढलेले, ओले होऊन गोळे झालेले, रोगाचे चट्टे पडलेले किंवा तणाचे बी धरलेले. यासाठी कंपोस्ट करावे, पण नुसत्या गवताचा ढीग घालू नये. कंपोस्टला वास येतो अशा सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे. ओली पाती एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो, हवा आत जात नाही आणि दोन दिवसांत ढीग आतून तापून घाण मारू लागतो. नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे आपले नत्र हवेत उडते आहे. आंबूस, कुजका वास असेल तर हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे. गवतात कर्ब आणि नत्राचे प्रमाण १५ ते २० ला १ असते, तर ढीग नीट कुजायला ते ३० ला १ च्या आसपास लागते. ही कसर वाळलेला पालापाचोळा भरून काढतो. एक घमेले ताज्या गवताला दोन ते तीन घमेली पाचोळा घ्यावा, गवताचा थर ५ सेंटिमीटरहून जाड करू नये आणि थर शेवटी फावड्याने कालवून टाकावेत.

ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान १ मीटर असावा, त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. मूठभर माल घट्ट पिळला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाचोळा वाढवावा, थेंबच आला नाही तर पाणी शिंपडावे. पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा ढीग उलटावा आणि बाहेरचा माल आत घ्यावा. आतले तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकले तर तणाचे बहुतेक बी मरते, पण कडेचा माल तेवढा तापत नाही. हरळीच्या कांड्या मात्र आधी उन्हात कडकडीत वाळवाव्यात, नाहीतर ढिगातही फुटतात. तीन-चार महिन्यांत गडद, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत मिळते.

झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन घालायलाही हे गवत उत्तम. वाळवून ४-५ सेंटिमीटर आणि ताजे असेल तर दोनच सेंटिमीटर पसरावे, खोडापासून चार बोटे अंतर सोडून. इथे तणनाशकाची चौकशी आधी करावी. २,४-डी फवारल्यावर पुढच्या काही कापण्यांचे गवत भाजीच्या वाफ्यात नेऊ नये, ते हिरवळीवरच राहू द्यावे. क्लोपायरलिड आणि अमिनोपायरलिड तर कंपोस्टमध्येही टिकून राहतात; अशा खतावर टोमॅटो आणि शेंगवर्गीय झाडांची पाने वेडीवाकडी होतात.

आता रस्ता आणि गटार. जाळीवर गवत बसले की पाणी तुंबते हे सर्वांना दिसते. जे वाहून जाते ते नाल्यातून नदी-तलावात पोहोचते, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. डांबरावरच्या ओल्या गवतावरून दुचाकी घसरते, तो धोका वेगळाच. म्हणून रस्त्यालगतच्या पहिल्या दोन फेऱ्या मशीनचे गवत बाहेर फेकणारे तोंड हिरवळीकडे ठेवून माराव्यात. बाहेर पडलेले गवत झाडूने आत लोटावे, पाइप लावून धुऊ नये. जाळणे तर नकोच. ओले गवत पेटत नाही, तासन्‌तास धुमसते. ढिगातले आंबलेले गवत जनावरांपुढेही टाकू नये. बारीक तुकडे ती न चावता गिळतात, ते पोटात फसफसते आणि घोड्यांना तर जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो.

हिरवळ राखायचे काम कंत्राटावर असेल, तर कापण्याची उंची, पात्याला धार कधी लावायची आणि रस्ता झाडून देण्याची जबाबदारी करारात लिहून घ्यावी. गवत गाडीत देण्यावाचून इलाज नसेल, तर दोन दिवस उन्हात पातळ पसरून मगच गोणपाटात भरावे. दहा किलो ताजे गवत नीट वाळले की अडीच किलोच्या आसपास भरते; तेवढे उचलायला सोपे जाते आणि वाटेत सडतही नाही.

आपला,
एक वाचक