तोडायला शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण तुम्हीच. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चाय मांड" म्हणून विषय मोडता. शिवाय आपल्या लेआऊटमधल्या कितीतरी घरांच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, आज जी भाजी निघतेय, तिच्यात तुमचा हात आहे, हे ती खाणाऱ्यांनाही कळू द्या.

लावायला शिकवणारे ढिगाने भेटतात. काळ्या मातीत रेती किती मिसळायची, शेणखत किती, बी किती खोल, हे सगळं सांगतात आणि झाडाला फळ धरलं की गायब होतात. तुमचं आयुष्य काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत तोडणीवर गेलं. म्हणूनच असेल, लेकाकडे राहायला आलात आणि भिंतीवरून पहिला प्रश्न केलात तो "काय लावलं?" असा नाही. "तोडते कवा?" असा.

सुरुवात भेंडीपासून झाली. शेंगेचं टोक अंगठ्याखाली धरायचं आणि हळूच वाकवायचं. टक्कन मोडलं तर भेंडी कोवळी, वाकून तशीच राहिली तर तिच्यात दोरे धरले. फूल गळाल्यावर चार-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते आणि पावसाळ्यात आज बोटाएवढी दिसलेली परवा जून होऊन बसते, म्हणून तोडणी एक दिवसाआड, मग घरी पाहुणे असोत की लग्न. हे कोणीही सांगेल. तुम्ही पुढचं सांगितलंत: "झाडाले तुयी भाजी नाही कराची, त्याले बी कराचं आहे." एका शेंगेत बी पक्कं होत आलं की झाडाची ताकद तिकडे वळते आणि नवी फुलं कमी होतात. तोडत राहिलं की झाड पुन्हापुन्हा फुलावर येतं. बरबटी (चवळीच्या शेंगा), गवार, दोडके, कारले, काकडी, सगळ्यांना हेच लागू. माझ्या डोक्यात तोडणी म्हणजे शेवट असं होतं. तुम्ही ती मशागतीत नेऊन बसवली. निंदणी, पाणी, तोडणी, सगळं एकाच हिशेबात.

दुधीला नख लावून पाहायचं, पण मागच्या बाजूने, दिसणार नाही असं. अंगावर बारीक लव असेपर्यंत आणि नख सहज रुतेपर्यंत खाण्याजोगा. वांग्याची चकाकी. ती गेली, कातडी मंद दिसायला लागली की आत बिया कडक झाल्या म्हणून समजा, मग भरल्या वांग्याचा बेत रद्द. पालकाची बाहेरची पानं काढायची, मधला गाभा तसाच ठेवायचा. सांभार (कोथिंबीर) मात्र फुलायच्या आत संपवायचा, आपल्या इथे फेब्रुवारी सरता सरता ऊन लागलं की तो सरळ तुऱ्यावर येतो.

कोहळ्याचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, सगळं उलटं. तिथे तुम्ही मला थांबवून ठेवलंत. साल एवढी कडक व्हायला हवी की नख उमटणार नाही, आणि देठ हिरवा न राहता वाळून खरबरीत झालेला हवा. कापताना बोटभर देठ फळाला ठेवायचा आणि फळ कधीही देठाला धरून उचलायचं नाही, कारण देठ निखळला की सड तिथूनच शिरते. असं कापलेलं कोहळं पलंगाखाली महिनोन्‌महिने टिकतं. आमच्याकडचं होळीला कापलं, तेव्हाही आत केशरी रंग तसाच होता.

टमाटरबद्दल तर मी ऑफिसात भाषण देते आता. पोळ्याच्या सुमारास रोप टाकायचं ("पोळा आन् पाऊस झाला भोळा" हे तुम्ही प्रत्येक वर्षी म्हणणार, आणि त्याच रात्री धो धो कोसळणार), म्हणजे थंडीत फळ मिळतं. मार्चपासून नागपूरचं ऊन फुलांना टिकू देत नाही, ती गळतात. आणि झाडावर राहिलेली फळं? ती लाल व्हायच्या ऐवजी पिवळट-केशरी का होतात याचं उत्तर मला तुमच्या टोपलीत मिळालं. पारा 30 अंशांच्या बराच वर राहिला की टमाटरचा लाल रंग नीट तयारच होत नाही. तुम्ही हे असं सांगितलं नाहीत. बुडाला गुलाबी झाक दिसताच फळं तोडून घरात सावलीला पसरायला लावलीत. मे महिन्याची पोरं जशी दुपारी घरात कोंडतो, तशी. आतल्या गारव्यात ती छान लाल झाली. कारण मी नंतर शोधलं, उपाय तुमच्याकडे आधीच होता.

पेरूच्या बाबतीत तुमचा एकच नियम: "पोपटाले आपल्याआधी समजते, तू त्याच्याआधी समज." गडद हिरवा रंग फिका पडून पिवळसर झाला की काढायचा, दोन दिवसांत घरात पिकतो. पावसाळी बहाराच्या पेरूत अळ्या निघतात, हिवाळ्यातला त्यामानाने स्वच्छ असतो, हे आता सगळ्या गल्लीला पाठ आहे. पण खाली पडलेला किडका पेरू तुम्ही खताच्या खड्ड्यात कोणाला टाकू दिला नाहीत. फळमाशीची अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि तिथूनच नवी माशी उठते, म्हणजे खड्डा हेच तिचं पाळणाघर व्हायचं. तुम्ही ते पेरू जाड पॉलिथीनच्या पिशवीत कोंबून, तोंड घट्ट बांधून गच्चीवर उन्हात ठेवायला लावलेत. वास येतो म्हणून माझ्या सासूबाई कुरकुरल्या. पुढच्या हंगामात पेरूला माशीचा टोचा कमी दिसला तेव्हा सासूबाईच शेजारणीला पिशव्या बांधून देत होत्या.

आता संत्र्याचं. आमच्या कंपाउंडमधलं झाड प्लॉटबरोबरच आलं. कोणी लावलं ठाऊक नाही. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण बाहेरगावच्या पाहुण्यांपुढे त्याच्या गोष्टी करतो, आणि झाडाखाली उभं राहिलं की फळ धरून हिसका देतो. तुम्ही माझा हात धरून दाखवलंत की हिसका दिलेल्या फळाच्या देठाजवळची साल कशी फाटते. संत्र्याची साल मुळातच सैल, तिथे चीर पडली की दोन-चार दिवसांत बुरशी. तुम्ही खिशातून छोटी कैची काढलीत, फळ डाव्या तळव्यात घेतलं, आधी थोडं वर कापलं, मग पुन्हा देठ फळाच्या अगदी अंगासरशी. दोनदा का? "लांब राहिला तर टोपल्यात शेजारच्याले टोचते ना बाई." एवढं बोलून पुढच्या फळाकडे. ती टकटक मला अजून ऐकू येते. काम करताना तुम्ही बोलत नाही, आणि आम्ही सगळे बोलून राहतो.

कच्चं संत्रं घरात ठेवून गोड होत नाही, आंब्यासारखी अढी त्याला चालत नाही, म्हणून तोडण्याआधी एक फळ खाऊन पाहायचं. रंगावर जायचं नाही. आंबिया बहाराचं (हिवाळा सरता फुललेलं) फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं तेव्हा साल हिरवट असूनही आत गोड असू शकतं. मृगाचं (पावसाच्या तोंडी फुललेलं) फळ थंडी अंगावर घेऊन फेब्रुवारी-मार्चात येतं, त्याचा रंग बघत राहावा असा. गोकुळपेठेच्या बाजारात आता मी हिरवट संत्र्यांपाशीही थांबते आणि भाव पाडून घेते, यात तुमचा वाटा आहेच.

आणि ते बोर्डो मलम! मोरचूद एक भाग, चुना एक भाग, पाणी दहा भाग, प्लास्टिकच्या बादलीत. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला फासायचं. पाण्याचं आळं बुंध्यापासून दूर, दुहेरी, म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि डिंक्या (बुंध्यातून डिंक गळवणारा रोग) लागत नाही. आमची काळी माती पाणी धरून बसणारी, तिथे हे नाही केलं तर झाड जातं. पुस्तकात हे असतं, पण बुंध्याला बसून हात निळे करून घेणारा माणूस पुस्तकात नसतो.

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही, ती पण इथेच लिहून टाकते. अमावास्येला फळ तोडायचं नाही. मी तोडते, काकाजी. रागावू नका. त्या दिवसाचे पेरूही आपण दोघांनी मिळूनच खाल्ले आहेत, फक्त तुम्हाला तिथी सांगितली नव्हती.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की तुम्ही गावाकडे निघता. यंदा तुम्ही नसताना पारा 45 च्या वर गेला, तेव्हा हिरवी जाळी दुहेरी केली, तोडणी सकाळी सातच्या आत उरकली आणि दुपारी सांदवाडीत कोणालाच पाय ठेवू दिला नाही, सगळं तुम्ही सांगून गेल्याप्रमाणे. गवार सुकली. मिरची आणि लिंबू तगले.

वेलावर बियाण्यासाठी म्हणून तुम्ही चिंधी बांधून ठेवलेला दुधी पूर्ण वाळला, हलवला की आत खुळखुळ वाजतो. बिया काढून राखेत घोळून डब्यात ठेवल्या आहेत. तीन घरांनी मागितल्या, पण पहिला वाटा तुमचा. लेकाच्या हाती पाठवते. येताना भिवापूरच्या मिरचीचं बी मिळालं तर आणा, आणि कैचीला धार लावून आणा, माझी कैची देठ कापत नाही, चावते.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमच्या भिंतीपलीकडची,
दुधीवाली बाई