खो मिळण्याआधी उठू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला लुइझियाना स्टेट या अमेरिकन विद्यापीठाच्या फुटबॉल संघावरचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) लेख वाचता वाचता चहा गार झाला. २०१९ च्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सगळा पराक्रम म्हणे जो ब्रॅडी या तरुण प्रशिक्षकाने न्यू ऑर्लिन्सहून आणलेल्या 'जादुई डावपेचां'चा. छान! म्हणजे फळ्यावरच्या रेघोट्या बदलल्या की काम झालं.

३ नोव्हेंबर २०१८ ला मी या संघाच्या घरच्या, बॅटन रूजच्या त्या लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये होतो. मुलीकडे गेलो होतो, जावयांनी हौसेने नेलं. अलाबामाने त्यांचा २९-० असा धुव्वा उडवला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीस वर्षं पोरांना खो-खो शिकवल्यावर कुणाचा पाय कधी उचलला जातो एवढं दिसतं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जो बरो; त्याच्या हातात चेंडू येतो न येतो तोच अंगावर माणसं. जावई म्हणाले, "बाबा, यांचे डावपेच जुने झालेत." म्हटलं, आधी डाव सुरू तरी होऊ द्या.

१९९४ साली आमची शाळा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात होती. मिनिटभर उरलेलं, एक गडी मारायचा. तिसऱ्या चौरसातलं पोरगं खो मिळायच्या आधीच उठलं. शिट्टी! चूक निस्तरेपर्यंत पळणारा खांबाला वळसा घालून पसार. पुढच्या फेरीत तेच पोरगं, तेच उठणं. एका गुणाने गेलो. पोराला बोललो नाही, कारण त्या महिन्यात मीच तीन नवे डाव शिकवण्याच्या नादात बसण्या-उठण्याचा सराव सोडून दिला होता. मग वर्षभर तेवढंच घोटलं. पुढच्या वर्षी जिंकलो असं लिहायचा मोह होतो. उपांत्य फेरीत हरलो. पण फाउल एकही नाही.

अमेरिकेत यालाच फॉल्स स्टार्ट म्हणतात, दंड पाच यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, त्याचे सुरुवातीलाच पंधरा होतात. मग लांब पास फेकणं आलं, आणि ते समोरच्यालाही कळलेलं असतं. कसला डाव न् कसलं काय!

ब्रॅडीने पाच-पाच जणांना पास घ्यायला पुढे धाडलं, हे मान्य. पण अकरातले पाच पुढे गेले की बरोला राखायला पाचच उरतात. त्यातला एक जरी अर्धं पाऊल चुकला तरी लेखकाची जादू आडवी. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीचा जो मूर पुरस्कार याच संघाला मिळाला, त्याचा लेखात उल्लेखही नाही. चेंडू सरकवणारा सेंटर कुशनबेरी दोन्ही वर्षं तोच. पास झेलणारा जेफरसन तोच. चेस २०१८ मध्ये २३ पास झेलतो, २०१९ मध्ये ८४. बरो २०१८ च्या उन्हाळ्यात ओहायो स्टेट विद्यापीठातून आलेला, त्याला या पोरांबरोबर धड सरावच मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी मिळाला. झेलणारा वळायच्या आधी चेंडू हातातून सुटायला हवा, तर त्याने बारा यार्डांवर वळायचं म्हणजे बारावरच, अकरावर नाही. हे घोटूनच येतं. बरोच्या अचूक पासांचं प्रमाण ५७.८ वरून ७६.३ टक्क्यांवर गेलं, टचडाउन पास (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवणारे) १६ वरून ६०.

टचडाउनवरून आठवलं. लेखात त्याला 'गोल' म्हटलंय. तो सहा गुणांचा असतो हो! आणि शेजारी फोटो गोल चेंडूचा, त्यांचा असतो लांबट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपल्या मुलामुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्या अंकात त्याला कोपरा मिळाला होता. परदेशी खेळाला अर्धं पान देताच आहात, तर निदान चेंडू तरी त्यांचा छापा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मिरज