आईची खिडकी बघून गाडी लावणाऱ्या, केनियातल्या अंबोसेलीच्या ड्रायव्हरदादांना

दादा,

व्हॉट्सॲपवर तुम्हाला इंग्रजीत ‘थँक यू’ पाठवून झालं, तुमचा अंगठाही आला. पण तेवढ्यानं पोट भरलं नाही. म्हणून हे मराठीत आणि चारचौघांसमोर लिहितोय. नैरोबीत मराठी माणसं आहेत, कुणी ना कुणी वाचून दाखवेल.

तुमच्याआधी मसाई मारात आमच्यासोबत टूर लीडर होते. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांनी पहिल्याच दिवशी पकडली ती सोडलीच नाही. सफारीच्या गाडीचं छत वर उचललं जातं आणि सगळे उभं राहून बघतात. ज्याला उभं राहता येत नाही, त्याच्या वाट्याला इतरांच्या कमरा. आई 76 वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वायरलेसवर सिंहाची बातमी आली की गाडी सुसाट सुटायची, वीसेक गाड्यांच्या गराड्यात घुसायची, “दिसला ना? चला पुढं!” आईला काय दिसलं, हे कुणी विचारलं नाही. उलट “आजींना उद्या रिसॉर्टवरच आराम करू द्या, त्यांनाही बरं,” असा सल्ला मिळाला. पैसे मात्र आजींचेही पुरते घेतले होते.

अंबोसेलीला गाडी बदलली (का, ते जाऊ दे) आणि तुम्ही आलात. पुढच्या सीटवरची स्वतःची पिशवी उचललीत, धूळ झटकलीत, तुमची ती अंगावर घ्यायची लाल चौकटींची मसाई चादर, शुका, चौघडी करून पाठीशी ठेवलात आणि आईकडे बघून सीटवर थाप मारलीत. लीडरसाहेब मुकाट मागे जाऊन बसले. त्यांचा चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण सीटचं एक वेळ सोडा. मला आठवते ती खिडकी. झेब्रा असो, शहामृग असो, थांबलात की आधी आईच्या खिडकीतून काय दिसतंय ते बघायचात. तिथं रस्ता सोडून गाडी घालायला बंदी. म्हणून त्याच मातीच्या रस्त्यावर थोडी पुढं, थोडी मागं, जरा तिरकी. आईनं हात वर केला की इंजिन बंद. आमच्या बाजूला कधी नुसती बाभळ यायची, पण तक्रार करायची कुणाची छाती नव्हती. हे करा म्हणून तुम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

हत्तींच्या दिवशी तर तुम्ही कुणाच्या मागे धावलाच नाहीत. किलीमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन जिथं दलदल होते, तिकडं सकाळी कळप निघतात. त्या वाटेवर गाडी उभी करून गप्प बसलात. मागून लीडरसाहेबांचं खाकरणं सुरू झालं. मग आले. पुढं एक म्हातारी हत्तीण, एक सुळा अर्धा तुटलेला, पाठीवर राखेसारखी धूळ. रस्ता ओलांडून ती आईच्याच बाजूला चरायला थांबली. पुढच्या पायानं गवताचं ठोंब सैल करायचं, सोंडेनं उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची, मगच तोंडात. “मेथीची जुडी झाडावी तशी झाडतेय बघ,” आई म्हणाली.

तुम्ही सांगत होतात की कळप सगळ्यात वडील मादीच्या मागं चालतो, कारण पाणी कुठं सापडेल हे तिला ठाऊक असतं. 1972 पासून हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एकेका हत्तीची नोंद ठेवलीय. 2009 च्या दुष्काळात अशा कितीतरी जाणत्या हत्तिणी गेल्या. आणि मग तुम्ही वडिलांच्या गाईंचं सांगितलंत, त्याच वर्षी डोळ्यांदेखत गेलेल्या. मी आईला मराठीत सांगत होतो. ती म्हणाली, “त्याला सांग, बहात्तरला आम्हीही खडी फोडायला गेलो होतो. दावणीचे बैल मातीमोल विकले.” पुढं मी मधे बोलणंच सोडून दिलं. ती मराठीत, तुम्ही तुमच्या भाषेत. एवढ्यात ढग हटले, 5895 मीटरचा किलीमांजारो अख्खा दिसला, आम्ही सगळे कॅमेरे घेऊन उठलो. तुम्ही दोघांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाहीत.

आमच्या गावच्या एस्टीला एक कंडक्टर होते. म्हातारं माणूस सीटवर नीट टेकेपर्यंत डबल बेल मारायचे नाहीत, मग गाडीतल्या पोरांनी कितीही ओरडा करू दे. पगारात त्याचे पैसे धरलेले नव्हते. अशी माणसं सगळीकडे असतात आणि बहुधा बढती त्यांना मिळत नाही, ती लीडरसाहेबांना मिळते. टूर कंपनीच्या फॉर्मवर मी तुमच्याबद्दल पानभर लिहिलंय. साहेबांबद्दलही लिहिलंय, जरा कमी शब्दांत.

आईनं तुमच्या आईंना नमस्कार सांगितलाय. त्यांचेही गुडघे दुखतात हे तुम्ही बोलला होतात ते तिच्या लक्षात आहे. तिनं स्वतः कढवलेल्या तेलाची बाटली बांधून तयार आहे. कुरिअरवाला तेल नेत नाही म्हणतोय, तेव्हा येत्या मोसमात नैरोबीला येणारं कुणी गाठतोय. त्यांनी ती बाटली तिथं कुठं पोचवायची, तेवढं कळवा.